दसऱ्यानंतरचा आठवडा

मैत्रिणींनो, मी बीड जिल्ह्यात चौथीला शिकवते. दसरा झाला की वर्गात नुसती धांदल. सहामाही परीक्षा, तोंडी, पेपर तपासणं, मुलांचे आकाशकंदील. आणि त्याच आठवड्यात गावात मुकादमाचा ट्रक येतो. उचल घेतलेली जोडपी ऊसतोडीला निघतात. एक कोयता म्हणजे नवराबायको दोघं. कोपीवर तान्ह्याला सांभाळणारी, भाकऱ्या थापणारी नऊ वर्षांची पोर त्या हिशेबात कुठेच नसते.

यंदा गणिताच्या पेपराला एक जागा रिकामी दिसली. तिच्या आईला गाठलं. म्हटलं, "हंगामी वसतिगृहात नाव घालते, ठेवा तिला."

"बाई, पोराला ठेवते. पोरीला रात्री कुणाच्या भरवशावर ठेवू?"

२००९ चा शिक्षणहक्क कायदा मला पाठ आहे, पण मी गप्प बसले. वसतिगृहात रात्री एकही बाई नसते, हे तिला माझ्याआधी ठाऊक होतं.

आता आम्ही चौघी आळीपाळीने तिथे झोपायला जातो. दोन मुली राहिल्यात. ती मात्र गेली. कोल्हापूर-सांगलीकडच्या गटांनी एवढं करावं: फडावर जाऊन बघावं, आमच्या मुली जवळच्या शाळेत बसतात का, आणि आम्हाला कळवावं.