अंगणवाडी आणि कामाचे तास



बालशिक्षणावर आम्ही कामगार संघटनेच्या माणसांनी बोलावे, हे काहींना विजोड वाटेल. पण मारिया माँटेसरी बाईंनी १९०७ साली आपले पहिले बालगृह उघडले, ते रोममधील सान लोरेन्झो या कामकऱ्यांच्या वस्तीतच. मूल म्हणजे कोरी पाटी नव्हे. हातांनी, इंद्रियांनी ते स्वतः शिकते, हा त्यांचा विचार तेथे आकाराला आला.

तोच विचार घेऊन ताराबाई मोडक १९४५ साली बोर्डीला गेल्या. अनुताई वाघ जोडीला होत्या. गरिबांची पोरे बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. महागड्या साधनांच्या जागी शंखशिंपले, बिया, खडे आले. सिद्धांत असा मातीत उतरला, म्हणून रुजला.

१९७५ पासून एकात्मिक बालविकास योजनेतून अंगणवाडी देशभर पसरली. पण सेविकेच्या वाट्याला काय आले? मुलांची वजने घ्या, आहार वाटा, नोंदी भरा, आणि उरल्या वेळात खेळातून शिकवा! मोबदल्याचे नाव पगार नव्हे, मानधन. ग्रॅच्युइटीचा हक्क २०२२ साली मिळाला, तोही सर्वोच्च न्यायालयापर्यंत झगडून.

मुलाला आधी निरखा, असे माँटेसरी सांगतात. निरखायला वेळ लागतो. वेळ म्हणजे कामाचे तास, आणि तासांना दाम पडतो. जिला स्वतःला उसंत नाही, ती मुलाला उसंत कोठून देणार? म्हणून आम्ही म्हणतो, सेविकेच्या वेतनाची मागणी ही बालशिक्षणाचीच मागणी आहे.