घरी बांधलेली फिरती खोली : रुंदी आणि बिछाना

आमचे मेहुणे अमेरिकेत मिशिगन राज्यात असतात. नोकरीतून मोकळे झाल्यावर त्यांनी गॅरेजमध्ये सात महिने खपून मोटारीच्या मागे जोडून न्यायची एक छोटी लाकडी खोली बांधली. दोन माणसांनी आत निजायचे, मागचे झाकण उचलून तिथे उभ्याने स्वयंपाक करायचा आणि गावोगाव हिंडायचे, असा बेत. रंग झाला, दिवे लागले, नंबराची पाटी लागली, आणि सगळ्यांत शेवटी गादी आणली. गादी आत बसेना. किती कमी पडावे? दीड इंच!

हे दीड इंच आले कुठून, तेच आज सांगायचे आहे. कारण ही चूक एकट्या आमच्या मेहुण्यांची नाही. अशी खोली बांधायला निघालेला प्रत्येक हौशी माणूस कधी ना कधी तिच्या काठावर उभा असतो.

या खोलीला तिकडे ‘टियरड्रॉप’ म्हणतात. पुढे गोल आणि मागे निमुळती होत गेलेली, पाण्याचा थेंब आडवा ठेवावा तशी दिसते म्हणून हे नाव. १९३० नंतरच्या दशकात ती अमेरिकेत दिसू लागली. १९४७ साली ‘मेकॅनिक्स इलस्ट्रेटेड’ या मासिकाने तिचा आराखडा छापला आणि घरोघरचे हौशी सुतार कामाला लागले. महायुद्ध नुकतेच संपले होते, त्यामुळे शिल्लक राहिलेला अॅल्युमिनियमचा पत्राही मिळत होता. त्या काळच्या खोल्या बहुधा चार फूट रुंद आणि आठ फूट लांब असत. का? माणसाच्या अंगाचे माप घेऊन हे ठरले होते असे समजू नका. प्लायवूडचा तक्ता चार फूट बाय आठ फूट येतो, एवढेच त्याचे कारण. तक्ता आणला, जमिनीला एक घातला, दोन बाजूंना दोन उभे केले, छताला आणखी घेतले. कापाकापी थोडी, सांधे थोडे, वाया फारसे काही नाही. सुतार खूष. आत निजणाऱ्याला कोणी विचारले नाही.

आता हिशोब करू. बाहेरून चार फूट म्हणजे ४८ इंच. दोन्ही भिंती पाऊण पाऊण इंच जाडीच्या धरल्या, तर दीड इंच गेला. आत उरले साडेशेहेचाळीस. दोघांत वाटले, तर माणशी सव्वातेवीस इंच. तिकडे तान्ह्या मुलाच्या कठड्याच्या पलंगाला जी ठरीव मापाची गादी असते, ती सव्वासत्तावीस इंच रुंद असते. म्हणजे वर्षाच्या मुलाला एकट्याला जेवढी जागा, तेवढीही आई-बापांना नाही. तरुण जोडप्याला हे चालते, किंवा चालते असे ते म्हणतात. एकट्या माणसाला तर चार फुटांची खोली उत्तमच. पण उताणे निजल्यावर खांद्यापासून खांद्यापर्यंत दीड फुटाच्या वर जागा लागते, हात थोडे सैल सोडले की कोपरे आणखी बाहेर येतात, आणि कूस बदलताना तर माणूस क्षणभर दीडपट होतो. तेवीस इंचांत कूस बदलायची, तर शेजाऱ्याला उठवूनच बदलावी लागते.

म्हणून पुढच्या लोकांनी पाच फुटांची खोली काढली. आणि खरा घोटाळा इथे सुरू होतो.

अमेरिकेत ज्या गादीला ‘क्वीन’ म्हणतात ती ६० इंच रुंद आणि ८० इंच लांब असते. पाच फूट म्हणजे ६० इंच. ऐकणाऱ्याला वाटते, जमले! पाच फुटांच्या खोलीत पाच फुटांची गादी. आमच्या मेहुण्यांनाही असेच वाटले. पण त्यांचे पाच फूट बाहेरून होते आणि गादीचे पाच फूट आतून लागतात. जमिनीच्या तक्त्यावर दोन्ही भिंती उभ्या केल्या की आत राहतात साडेअठ्ठावन्न इंच. मधे थंडीसाठी फोम भरून दुहेरी भिंत केली, तर प्रत्येक बाजूला दीड दीड इंच जाईल आणि आत ५७ उरतील.

मग भिंती तक्त्यावर उभ्या न करता त्याच्या कडेला बाहेरून लावल्या तर? हा इलाज बरोबर आहे आणि पुष्कळ लोक तो करतात. आत पुरे ६० इंच मिळतात, बाहेरून खोली साडेएकसष्ट होते. पण इथे दुसरे दुखणे निघते. छतावर घालायचा अॅल्युमिनियमचा पत्रा सहज मिळतो तो चार फूट किंवा पाच फूट रुंदीचा. साडेएकसष्ट इंचांच्या छतावर पाच फुटी पत्रा दीड इंच अपुरा पडतो. म्हणजे आत वाचवलेला दीड इंच छतावर जाऊन बसला! मग पत्रे आडवे घालून सांधे करावे लागतात, आणि सांधा म्हटला की पावसाला वाट. छताच्या प्लायवूडचेही तसेच. चार फुटांच्या खोलीवर तक्ता लांबीने बसतो. साडेएकसष्टवर तो आडवा घालावा लागतो आणि प्रत्येक तक्त्यामागे साडेचौतीस इंचांचा तुकडा उरतो. त्याची आत कपाटे होतात म्हणा, पण किती कपाटे करणार?

सांगायचा मुद्दा असा, की कामाची सुरुवात गादीपासून करावी. आधी गादी ठरवावी, तिच्यावरून आतले माप, आतल्या मापात भिंतींची जाडी मिळवून बाहेरचे माप, आणि मग चाके. छताखालच्या आडव्या पट्ट्या, मधली भिंत, कपाटांच्या फळ्या, सगळ्यांची लांबी त्या आतल्या मापावर अवलंबून असते. ते एकदा चुकले की सारी कापणी चुकते. गादी आधी विकत आणून अडगळीत ठेवावी लागली तरी हरकत नाही. दुकानात लिहिलेले माप आणि टेपने मोजलेले माप यांतही इंचभराचा फरक सापडतो. तेव्हा मोजावे ते गादीला, चिठ्ठीला नव्हे.

गादी स्प्रिंगची की फोमची, यालाही इथे महत्त्व आहे. फोमची गादी अर्धा-पाऊण इंच दबून बसते, सुरीने कापताही येते. स्प्रिंगची गादी हट्टी. मेहुण्यांनी ती दाबून बसवण्याचा प्रयत्न केला, तर ती मधोमध उंटासारखी वर आली. शिवाय गादी भिंतींना अगदी चिकटून असणेही बरे नाही. रात्रभर दोन माणसांच्या श्वासातली वाफ त्या लहानशा जागेत कोंडते, थंड भिंतीवर तिचे पाणी होते आणि गादीची कड ते पिते. चादर खोचायला हात जायला हवा, तो वेगळाच. खिडकी बोटभर उघडी आणि छताला झडप, एवढे तरी ठेवावेच.

लांबीचा प्रश्न त्या मानाने सोपा. आठ फुटांतून मागच्या स्वयंपाकाला दीड फूट दिला, तर निजायला साडेसहा फूट, म्हणजे ७८ इंच उरतात. क्वीन गादी त्यातही दोन इंचांनी मोठी हे लक्षात घ्या. फिरत्या घरांसाठी तिकडे ७५ इंच लांबीची आखूड क्वीन मिळते, ती इथे कामी येते. उंच माणसाचे पाय मागच्या कपाटाखाली सरकतील अशी सोय करता येते. आडवे निजायचे म्हणाल, तर त्याला आत निदान सहा-सव्वासहा फूट रुंदी हवी. ती वेगळ्या, उभे राहता येणाऱ्या खोल्यांची गोष्ट.

रुंदी वाढवली की प्रवासात काय होते, हेही पाहावे. चार फूट उंच आणि चार फूट रुंद खोली वाऱ्याला १६ चौरस फूट तोंड देते, पाच फूट रुंद खोली २० चौरस फूट. वाऱ्याला अडणारे तोंड चौथाईने वाढले. मात्र खोली मोटारीपेक्षा अरुंद असली तर तिचा बराच भाग मोटारीच्या आडोशाला राहतो, आणि बाजूच्या आरशांतून मागचा रस्ता दिसतो. चाके भिंतींच्या बाहेर असतील, तर मडगार्डसकट एकूण रुंदी मोजावी. गॅरेजच्या दारात अडकते ते मडगार्ड. चाके खोलीखाली घेतली, तर जमीन तेवढी उंच होते, नाही तर चाकांचे उंचवटे आत येऊन गादी खातात.

आपल्याकडे कोणाला हा उद्योग करायचा असेल (महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आखल्यापासून चौकशी करणारे बरेच भेटतात), तर प्लायवूडचा तक्ता इथेही आठ बाय चारच आहे, पण गाद्या निराळ्या. आपल्या बाजारात ७२, ७५ आणि ७८ इंच लांबीच्या गाद्या असतात. तेव्हा परदेशी आराखडा जसाच्या तसा उतरवून घेऊ नये. कापसाची गादी हव्या त्या मापाची शिवून मिळते खरी, पण ती जड आणि ओल धरणारी. आणि ट्रेलरलाही नोंदणी लागते, ते आधी विचारून घ्यावे.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, असे आपण मुलांना शिकवतो. इथे आधी पाय पसरून पाहावे लागतात. उपाय साधा आहे. घरातच जमिनीवर गादी घालावी, दोन्ही बाजूंना ट्रंका किंवा फळ्या उभ्या करून ठरवलेली रुंदी आखावी आणि दोघांनी तिथे सलग दोन-तीन रात्री निजावे. पाच मिनिटे पडून पाहण्यात अर्थ नाही. पहाटे तीन वाजता काय होते, ते कळायला हवे.

हे मेहुण्यांनी केले नव्हते. क्वीन गादी परत गेली आणि ५४ इंचांची ‘डबल’ आली. माणशी २७ इंच. वहिनींचा उजवा खांदा दुखरा, त्या डाव्या कुशीवरच निजणार. त्यातून खोलीला दार एकच. तिकडे वाहने उजवीकडून चालतात, म्हणून दार उजव्या बाजूला, रस्त्याच्या कडेकडे. आणि त्या दाराशी मेहुणे. वहिनी पलीकडे, भिंतीशी. रात्री बाहेर जायचे, तर नवऱ्याला ओलांडून जावे लागे. त्यांनी कोणाला काही सांगितले नाही, फक्त संध्याकाळी चारनंतर पाणी पिणे बंद केले. तिसऱ्या सहलीत पहाटे मेहुण्यांना जाग आली, तर त्या पांघरूण घेऊन मोटारीच्या पुढच्या सीटवर बसलेल्या. घरी आल्यावर खोली गॅरेजमध्ये गेली ती वर्षभर बाहेर निघाली नाही. विचारले की वहिनी म्हणत, ‘‘गुडघे दुखतात हो.’’

शेवटी एकदा त्यांच्या मुलीनेच खोदून विचारले, तेव्हा ते पाण्याचे निघाले. त्या रविवारी मेहुण्यांनी उजव्या दाराचा कागद छापून घेतला, तो उलटा करून डाव्या भिंतीवर चिकटवला, आतली दिव्याची तार बाजूला घेतली आणि रंगवून चकचकीत केलेल्या आपल्या भिंतीला करवत लावली. मी तेव्हा तिथेच होतो. भिंतीतून निघाला तोच तुकडा दार म्हणून बिजागऱ्यांवर बसला. खालचा कोपरा मडगार्डाला अडत होता, तो तासून घेतला. डबल गादीच्या जागी साडेअठ्ठावन्न इंचांची, मापाने कापून घेतलेली फोमची गादी आली. माणशी सव्वादोन इंच वाढले. डाव्या दाराच्या कडीचा रंग उजवीशी जुळत नाही, आणि वहिनींच्या उशापाशी, दाराच्या आतल्या बाजूला, पाण्याच्या बाटलीसाठी एक पट्टा ठोकलेला आहे.