सहा गठ्ठ्यांची ओळख

स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत बसलेल्या मुलाला झोपेतून उठवून विचारा, तो राज्यपालांचे अधिकार घडाघडा सांगेल. पण तहसील कार्यालयात काल दिलेला अर्ज आज कुणाच्या टेबलावर आहे, या प्रश्नावर बहुतेक जण गप्प बसतात.

कार्यालयीन कामाची ओळख करून घ्यायची सोय आता आहे. 2024 मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली. शिक्षण संपलेल्या मुलामुलींना कार्यालयात काम शिकायला मिळतं आणि विद्यावेतन म्हणून बारावी झालेल्यांना महिन्याला 6,000, आयटीआय-पदविकावाल्यांना 8,000, पदवीधरांना 10,000 रुपये. अजून कॉलेजात असाल, तर नव्या अभ्यासक्रमातलं ऑन जॉब ट्रेनिंग सरकारी कार्यालयात करता येईल का, ते सरांना विचारा.

कार्यालयात गेलात की आवक-जावकचं टेबल मागून घ्या. अर्ज आला, शिक्का बसला, आवक क्रमांक पडला. मग तो कार्यविवरण नोंदवहीत चढतो, लिपिक टिपणी ठेवतो, अव्वल कारकून, नायब तहसीलदार असं करत वर जातो. महसूल खात्यात दप्तर सहा गठ्ठ्यांत लावतात. निर्णय घ्यायचे कागद एकात, दुसऱ्या कार्यालयाच्या उत्तरासाठी थांबलेले दुसऱ्यात. मग नियतकालिकं, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात जाणारे आणि शेवटी नष्ट करायचे. दुसरा गठ्ठा फुगला, की काम कुठे अडलंय ते कळलंच म्हणून समजा. हे सगळं जुन्या अव्वल कारकुनाइतकं नीट कुठल्याही क्लासात शिकवत नाहीत. त्या कारकुनाची फी एकच: मोबाइल खिशात ठेवायचा.

पुष्कळ ठिकाणी झेरॉक्स आणि डेटा एन्ट्रीवरच बसवतात, हे खरं. मग निदान दाखल्यांचे अर्ज कुठल्या त्रुटीपायी परत जातात, तेवढं टिपून ठेवा. 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्यानं प्रत्येक अधिसूचित सेवेला मुदत ठरवली आहे. तिचा फलक कार्यालयात असतो, तोही एकदा सावकाश वाचा.

राज्यसेवेची मुख्य परीक्षा 2025 पासून वर्णनात्मक आहे. नेमकी टिपणी लिहायचा सराव तिथे कामी येईल. पण प्रशिक्षण संपलं म्हणून सरकारी नोकरीवर हक्क मिळत नाही, त्यामुळे परीक्षेचा फॉर्म मुदतीत भरायला विसरू नका.