चित्र गेलं, पण आवाज आहे का?



व्हिडिओ गेमचं जुनं मशीन टीव्हीला जोडलं आणि पडद्यावर काहीच आलं नाही, की बहुतेक जण आधी स्क्रू ड्रायव्हर शोधायला लागतात. आज माझं सांगणं एवढंच आहे की स्क्रू ड्रायव्हर सगळ्यात शेवटी हातात घ्या. आधी पडद्यावर काय दिसतं ते नीट बघा आणि स्पीकरमधून काय येतं ते नीट ऐका. बिघाड कुठे आहे ते बहुतेक वेळा चित्र आणि आवाजच सांगून टाकतात.

झाई, बोर्डी, घोलवड या पट्ट्यातल्या श्रोत्यांसाठी यात थोडं जास्तीचं बोलावं लागेल. माळ्यावरून खाली काढलेल्या मशीनला इथे वयाबरोबर खारा वाराही भोवलेला असतो. त्यातून बरीच मशीन आतून बदललेली, मुलांच्या भाषेत 'मॉड' केलेली असतात. हा बदल का करावा लागतो, ते आधी समजून घेऊ.

निन्टेन्डोचं फॅमिकॉम जपानात १९८३ साली आलं. आपल्याकडे ते समुराई या नावानं मिळायचं, आणि त्याहून जास्त पसरलं ते लिटल मास्टर, मीडिया अशा नावांच्या जुळ्या मशीनच्या रूपात. सेगाचं मेगा ड्राइव्ह १९९५च्या सुमारास शॉ वॉलेस कंपनीनं भारतात आणलं. शेजारच्या उंबरगावात चित्रित झालेलं 'रामायण' लोकांनी १९८७ साली ज्या टीव्हीवर पाहिलं, तसल्याच टीव्हीच्या अँटेनाच्या जागी पुढे या टीव्ही गेमची वायर जायला लागली. मशीनमध्ये एक छोटी पत्र्याची डबी असते. ती खेळाचं चित्र आणि आवाज एका चॅनेलच्या लहरींवर चढवते आणि टीव्ही ते दूरदर्शनसारखं पकडतो. या वाटेनं चित्र येतं, पण मुंग्या येतात, रंग पसरतात आणि चॅनेल सारखा लावावा लागतो. नव्या टीव्हींच्या चॅनेलच्या यादीत तर ते कित्येकदा सापडतच नाही. म्हणून हौशी लोक ती डबी बाजूला ठेवतात आणि चित्र थेट पिवळ्या पिनेवर बाहेर काढतात. याला एव्ही मॉड म्हणतात. याच्या पुढची पायरी आरजीबीची, आणि आता एचडीएमआयचीही किट मिळतात.

जपानहून मागवलेल्या मूळ फॅमिकॉमची गोष्ट थोडी वेगळी. त्याची लहर जपानच्या पहिल्या-दुसऱ्या चॅनेलवर, म्हणजे ९० ते १०२ मेगाहर्ट्झमध्ये असते. आपल्याकडे त्या जागी एफएम रेडिओ आहे. आपल्या टीव्हीत चित्र आणि आवाजाच्या लहरींमध्ये साडेपाच मेगाहर्ट्झचं अंतर धरलेलं असतं, जपानमध्ये साडेचारचं. त्यामुळे खटपट करून चित्र लागलंच, तरी आवाज येत नाही. हा बिघाड नाही. अशा मशीनला एव्ही मॉड करून घेणंच बरं.

आता मुख्य मुद्दा. एव्ही मॉड केलेल्या मशीनमधून चित्राची आणि आवाजाची वायर वेगळी निघते. चित्र गेलं, पण मारिओचं संगीत वाजतंय, उडी मारली की आवाज येतोय, तर मशीन जिवंत आहे. कॅसेट, आतली चिप, ॲडॉप्टर यांना हात लावू नका. दोष चित्राच्या वाटेवर आहे. आवाज नाही आणि पडद्यावर एकाच रंगाचा, करडा किंवा दुसरा कुठला सपाट पडदा आलाय (सिग्नल नसताना टीव्ही स्वतः टाकतो तो निळा पडदा नव्हे), तर चित्राची वाट शाबूत आहे, कारण तो रंग त्याच वाटेनं आलाय. खेळ मात्र सुरू झालेला नाही. तिथे संशय कॅसेटवर घ्यायचा. दोन्ही नसेल, तर आधी ॲडॉप्टर बघायचा. या एका प्रश्नानं निम्मं काम होतं.

चित्राच्या वाटेवर शोध टीव्हीपासून सुरू करा. आजच्या अनेक टीव्हींना पिवळं भोक वेगळं नसतं. पिवळी पिन हिरव्या भोकात लावायची असते, आणि मेनूत 'एव्ही' निवडायचं असतं. तिथे चुकून 'कंपोनंट' निवडलं, तर चित्र काळं-पांढरं येतं आणि लोक समजतात की मशीनचा रंग गेला. काही टीव्हींना एकच साडेतीन मिलिमीटरचं भोक असतं आणि त्यात चार पट्ट्यांची पिन जाते. या पिनेवर चित्र, आवाज आणि अर्थिंग कुठल्या पट्टीवर, याचा क्रम सगळ्यांचा सारखा नसतो. चित्र नाही आणि स्पीकरमध्ये मोठी घरघर येतेय, तर चित्राचा सिग्नल आवाजाच्या वाटेला गेलाय. पिवळी आणि लाल पिन अदलाबदल करून बघा. तरी जमलं नाही, तर त्या टीव्हीसाठीचीच वायर घ्या.

एव्हीचं एचडीएमआय करणारी छोटी डबी वापरत असाल, तर तिच्यावरची अक्षरं वाचा. 'एव्ही टू एचडीएमआय' आणि 'एचडीएमआय टू एव्ही' या दोन डब्या दिसायला सारख्या असतात, पण एकीचं काम दुसरी करत नाही. शिवाय तिला यूएसबीतून पाच व्होल्ट द्यावे लागतात.

यापुढची अडचण जुन्या सिग्नलची. आपलं रंगीत प्रसारण १९८२ साली सुरू झालं ते पाल पद्धतीचं: ६२५ ओळी, सेकंदाला ५० वेळा अर्धं-अर्धं चित्र, आणि रंगाची लहर ४.४३ मेगाहर्ट्झची. जपान-अमेरिकेची एनटीएससी पद्धत ५२५ ओळींची, साधारण ६० हर्ट्झची, आणि तिथे रंगाची लहर ३.५८ मेगाहर्ट्झची. जुनी गेम मशीन यातलीही पूर्ण चौकट पाळत नाहीत. ती निम्म्याच ओळी पुन्हा पुन्हा त्याच जागी काढतात. फॅमिकॉमचा वेगही नेमका ६० नसून ६०.१ हर्ट्झच्या आसपास आहे. पिक्चर ट्यूबच्या टीव्हीला याचं काही वाटत नाही. नव्या टीव्हीतली चिप मात्र गोंधळते, आणि चित्र थरथरतं, पुसट होतं किंवा सरळ 'नो सिग्नल' येतं.

म्हणून माझा आग्रह आहे की संशय आला की मशीन एकदा जुन्या, ट्यूबच्या टीव्हीवर लावून बघा. जुना टीव्ही वाकडंतिकडं का होईना, आलेलं सगळं दाखवतो. नवा टीव्ही सिग्नल जरा कमकुवत झाला की निळा पडदा टाकून मोकळा होतो, आणि दोष कसला ते कळतच नाही. एक मात्र कायम लक्षात ठेवा: जुन्या टीव्हीचं मागचं झाकण उघडायचं नाही. रंगीत पिक्चर ट्यूबला वीस-पंचवीस हजार व्होल्ट लागतात आणि प्लग काढल्यावरही ते तिथे साठून राहू शकतात.

आता त्या पडद्यावर काय दिसतं ते एकेक करून बघू.

चित्र स्वच्छ आहे, पण काळं-पांढरं. टीव्हीच्या मेनूत कलर सिस्टिम 'ऑटो' करा. टीव्ही फक्त पालचा असेल, तर एनटीएससी मशीनचा रंग त्याला कळणारच नाही. मेगा ड्राइव्हला ५०-६० हर्ट्झचं बटण बसवलेलं असेल, तर तिथेही हे होतं. पन्नासवर खेळ सुमारे एक षष्ठांश हळू चालतो, म्हणून लोक हे बटण बसवतात. पण पालचं मशीन साठवर टाकलं की त्याची रंगाची लहर ना धड पालची राहते ना एनटीएससीची, आणि पिवळ्या पिनेवरचा रंग जातो. त्याच मशीनची आरजीबी वायर जोडली, तर रंग परत येतो, कारण तिथे लाल, हिरवा, निळा असे तीन रंग तीन तारांवर सरळ जातात. रंगाच्या लहरीची गरजच उरत नाही.

चित्र वर-खाली धावतंय किंवा वरच्या कडेला वाकतंय. टीव्हीला चित्र किंवा त्यातली ओळ कुठे सुरू करायची ते कळत नाहीये. जुन्या टीव्हीच्या बाहेरच्या बाजूला 'व्ही होल्ड'चं बटण असेल, तर ते हलकेच फिरवून बघा. तेवढ्यानं भागलं नाही, तर सिग्नलची ताकद चुकलीय.

चित्रावर एक आडवा, रुंद, अंधुक पट्टा आहे. हा ॲडॉप्टरचा दोष. आपली वीज ५० हर्ट्झची. आतला फिल्टर कपॅसिटर म्हातारा झाला, की विजेची ही थरथर चित्रात उतरते. ५० हर्ट्झच्या चित्रावर असा पट्टा जवळजवळ उभा राहतो, ६० हर्ट्झच्या चित्रावर तो वेगानं सरकतो किंवा नुसता फडफडतो. ॲडॉप्टर बदलताना व्होल्टबरोबर टोकंही बघा. फॅमिकॉम आणि पहिल्या मेगा ड्राइव्हच्या पिनेत आतलं टोक वजा असतं, दुसऱ्या मेगा ड्राइव्हच्या पिनेत आतलं टोक अधिक. मशीनच्या तळाला खूण असते, ती वाचल्याशिवाय दुसऱ्या वस्तूचा ॲडॉप्टर लावू नका.

सारख्या अंतरावर उभ्या, फिकट रेघा. याला हौशी मंडळी 'जेलबार' म्हणतात. आतल्या चिपांची गडबड शेजारून जाणाऱ्या चित्राच्या तारेत शिरते. फॅमिकॉममध्ये चित्र काढणाऱ्या चिपच्या २१व्या पायावरून सिग्नल निघतो आणि बोर्डवरून लांबचा प्रवास करतो. तो पाय बोर्डपासून सोडवून तिथूनच आखूड, जाळीदार आवरणाची तार घेतली, की रेघा बऱ्याच कमी होतात.

चित्र फार भडक, पांढरं फटक. पिवळ्या पिनेवर चित्र एक व्होल्टचं आणि वाट ७५ ओहमची असावी, असा नियम आहे. मॉड करताना ७५ ओहमचा रेझिस्टर गाळला, तर असं होतं. उलट चित्र काळवंडलंय, तर बघा, एकाच पिनेला जोड लावून दोन टीव्ही चालवताय का? तसं केलं की प्रत्येकाला दोन-तृतीयांशच सिग्नल मिळतो.

आणि खेळ चालतोय, पण चित्रात तुकडे, चुकीची अक्षरं, भलतेच ठिपके आहेत. तर कॅसेट. इथे झाईचा वारा आड येतो. फॅमिकॉमच्या कॅसेटला ६० संपर्कपट्ट्या असतात. मिठाच्या दमट हवेत त्यांच्यावर हिरवट-काळा थर चढतो आणि एखादी पट्टी जरी लागली नाही, तरी चित्राचे तुकडे होतात. आपण सगळे लहानपणी कॅसेटमध्ये फुंकर मारायचो. मशीन चालायचं ते कॅसेट काढून पुन्हा बसवल्यामुळे. फुंकरीतली थुंकी मात्र गंज वाढवायची. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळतं. कापसाच्या काडीवर थोडं घ्या, पट्ट्यांच्या लांबीच्या दिशेनं पुसा, काडी काळी येईनाशी होईपर्यंत. मग पूर्ण वाळू द्या. पॉलिश पेपर वापरू नका, वरचा मुलामा जातो आणि पुढच्या पावसाळ्यात थर दुपटीनं चढतो. एव्हीच्या पिना आणि टीव्हीची भोकंही अशीच पुसा. खेळून झाल्यावर मशीन झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. पावसाळ्यात पुड्या बदला.

एवढं करूनही दोष राहिला, आणि सोल्डरिंगचा सराव असेल, तरच मशीन उघडा. प्लग काढून. आधी ७८०५ रेग्युलेटर शोधा. मग मल्टिमीटर लावून, फक्त मोजण्यापुरता प्लग जोडून बघा. त्याच्या बाहेरच्या पायावर पाच व्होल्ट असायला हवेत. पावेक व्होल्टहून जास्त फरक असेल, तर चित्राच्या मागे लागू नका, आधी वीज सुधारा. मग मॉडची पाहणी करा. साध्या एव्ही मॉडमध्ये एक ट्रान्झिस्टर, दोन-तीन रेझिस्टर आणि एक कपॅसिटर असतो. ट्रान्झिस्टरचे पाय उलटे लागलेत का, सोल्डर कोरडा, दाणेदार दिसतोय का, पिवळ्या पिनेची अर्थिंगची तार सुटलीय का, ते बघा. आणि जुन्या पत्र्याच्या डबीकडे जाणारी वाट तोडलेली आहे ना, तेही बघा. ती तशीच राहिली, तर एक सिग्नल दोन वाटांनी जातो आणि चित्र मळकट होतं.

एका गोष्टीला मात्र उपाय नाही, आणि तो दोषही नाही. नव्या टीव्हीवर बदकं मारायची बंदूक चालत नाही. ट्रिगर ओढला की पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. बंदूक तो उजेड त्याच क्षणी शोधते. नवा टीव्ही चित्र थोडं थांबवून दाखवतो, तोवर बंदुकीची वेळ संपलेली असते. तिच्यासाठी पिक्चर ट्यूबच हवी.

शेवटी, दुरुस्तीसाठी डहाणूला किंवा उंबरगावला जाल, तेव्हा नुसतं 'चित्र येत नाही' असं सांगू नका. पडद्याचा आवाजासकट मोबाइलवर व्हिडिओ काढून न्या. मशीन कुठलं, आत काय बदल केलाय, ॲडॉप्टर किती व्होल्टचा आणि टीव्ही कुठला, हे कागदावर लिहून न्या. ॲडॉप्टर आणि वायरही सोबत न्या, कारण दोष कित्येकदा त्यांच्यातच असतो. आणि घरात पिक्चर ट्यूबचा चालू टीव्ही पडून असेल, तर तो भंगारात देण्याआधी दोनदा विचार करा. अशा मशीनचं दुखणं ओळखायला त्याच्यासारखं दुसरं साधन नाही.