हातात कसब आहे, आता कागदही मिळवा
(युवा शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



दोन दिवस तुम्ही इथे संविधान, समान हक्क, शिक्षण अशा मोठ्या विषयांवर ऐकताय. माझा विषय त्या मानाने तेलकट आहे. मी टूलरूममधला माणूस. भोसरीच्या एका कारखान्यात शिकाऊ उमेदवार म्हणून लागलो, त्याला आता पंचवीस वर्षं होऊन गेली. आजही डाय बनवणं हेच माझं पोटापाण्याचं काम आहे. तुमच्यातले काही दहावी-बारावी झालेत, काही आयटीआयला आहेत, काही सकाळी उठून मामूच्या नाहीतर चाचांच्या गॅरेजवर जातात. मला तुमच्याशीच बोलायचं आहे.

आधी टूलरूम म्हणजे काय ते सांगतो, कारण हे नाव आपल्या मोहल्ल्यात फारसं कुणाच्या कानावर नसतं. घरातली स्टीलची वाटी घ्या, चार्जरचं प्लास्टिकचं कवच घ्या, गाडीच्या दरवाजाचा पत्रा घ्या. या वस्तू हजारांनी, लाखांनी निघतात. पत्रा प्रेसखाली डायमध्ये दाबला जातो, वितळलेलं प्लास्टिक साच्यात भरलं जातं. पण तो डाय, तो साचा लाखांनी निघत नाही. तो एकेक करून, मोजून मापून बनवावा लागतो. तो जिथे बनतो आणि बिघडला की जिथे दुरुस्त होतो, ती टूलरूम. डाय तुटला की अख्खी लाइन थांबते. मग मॅनेजरपासून हेल्परपर्यंत सगळे टूलरूमच्या दाराशी येऊन उभे राहतात.

काम किती बारीक असतं याचा अंदाज यावा म्हणून एकच उदाहरण देतो. एक मिलिमीटर जाडीच्या साध्या पत्र्यात भोक पाडायचं आहे. वरून पंच येतो, खाली डायचं भोक असतं. दोघांच्या मध्ये प्रत्येक बाजूला साधारण ०.०५ मिलिमीटर जागा ठेवावी लागते. डोक्याचा केसही बहुतेक वेळा याहून जाड असतो. जागा कमी पडली तर पंच लवकर झिजतो, कधी तुटतो. जास्त झाली तर पत्र्याला बर येतो, म्हणजे कडेला ती धारदार कड राहते, जिने बोट कापतं. ही जागा चारही बाजूंनी सारखी ठेवणं, हे टूलमेकरचं काम.

आता पहिल्या महिन्यांबद्दल. बरीच मुलं इथेच कंटाळून पळतात. तुम्ही कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशिनची स्वप्नं घेऊन जाता आणि तुमच्या हातात कानस देतात. लोखंडाचा एक ठोकळा, वाइसमध्ये पकडलेला. म्हणतात, घास. सहाही बाजू सपाट आणि एकमेकींना काटकोनात यायला हव्यात. वाइस कोपराच्या उंचीला हवा, कानस पुढे जाताना दाब आणि मागे येताना सैल, कानशीला मधूनमधून खडू लावायचा म्हणजे कीस दातांत अडकत नाही. दुपारी गुण्या लावून ठोकळा उजेडाकडे धरायचा. कडेखालून प्रकाशाची रेघ दिसली की पुन्हा घासायचं. खांदे भरून येतात. घरी अम्मी विचारते, "क्या सीखा आज?" तिला काय सांगायचं?

मी पहिले काही आठवडे हेच करत होतो. त्यातून काय मिळतं ते नंतर कळतं. लोखंड किती उतरलं हे हाताला समजायला लागतं. "जवळपास झालं" आणि "झालं" यातला फरक कळतो. पुढे सरफेस ग्राइंडरवर गेलं की हाच हात मशिनवर काम करतो. ग्राइंडिंगचं चाक बसवण्याआधी ते टांगून लाकडी दांड्याने हलकं ठोकतात. चांगलं चाक खणखणीत वाजतं, तडा गेलेलं बद्द वाजतं. आपली दादी बाजारात माठ घेताना हेच करायची. फरक इतकाच की तडा गेलेला माठ फक्त गळतो, तडा गेलेलं चाक फुटून माणूस मारू शकतं.

मोजणंही असंच शिकावं लागतं. ग्राइंडरवरून काढलेला गरम तुकडा लगेच मोजायचा नसतो. शंभर मिलिमीटर लांबीचं पोलाद दहा अंशांनी तापलं की सुमारे अकरा-बारा मायक्रॉनने वाढतं. म्हणून जगभर मोजमापासाठी २० अंश सेल्सिअस हे तापमान ठरवलेलं आहे. गरम असताना माप बरोबर आलं म्हणून खूश व्हाल आणि थंड झाल्यावर तुकडा लहान निघेल.

इथून मी मूळ मुद्द्यावर येतो. हाताचं कसब आपल्या समाजाला नवीन नाही. मी शिकलगार घरातला. माझे आजोबा सायकलवर धारेचं चाक बांधून गावोगाव फिरायचे, विळे, कात्र्या, सुऱ्यांना धार लावायचे. पोलादाला पाणी कसं द्यायचं, रंगावरून ते किती तापलं हे कसं ओळखायचं, हे त्यांना येत होतं. पिंजारी, मोमीन, तांबट, लोहार, गवंडी, वेल्डर, मेकॅनिक, कोणतंही नाव घ्या. कुरआनात हजरत दाऊद यांच्याबद्दल येतं की ते लोखंडाची चिलखतं बनवत आणि कड्यांचं माप नीट राखण्याची त्यांना ताकीद होती. हाताने काम करणाऱ्याला आपल्याकडे कमी लेखण्याचं काही कारणच नाही.

तरीही २००६ साली आलेल्या सच्चर समितीच्या अहवालाने काय दाखवलं? नियमित पगाराच्या, संघटित क्षेत्रातल्या नोकऱ्यांत मुस्लिम कमी, आणि छोट्या स्वयंरोजगारात जास्त. म्हणजे काम आहे, कसब आहे, पण त्याची कुठे नोंद नाही. गॅरेजवर दहा वर्षं घालवलेल्या मुलाला इंजिनाचा आवाज ऐकून दोष सांगता येतो. पण त्याच्याकडे दाखवायला एक कागद नसतो. त्याला ड्रॉइंग वाचता येत नाही, कारण उस्तादालाही येत नव्हतं. उस्ताद मनाने चांगला असेल, पोटच्या पोरासारखं शिकवत असेल. पण बोट तुटलं तर दवाखान्याचा खर्च कोण देणार, हे कुठे लिहिलेलं नसतं. तुम्ही किती शिकलात, हेही उस्तादाच्या शब्दापलीकडे कुठे राहत नाही.

शिकाऊ उमेदवारी नेमकी इथे वेगळी आहे. १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा आहे. तीस किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक आहे, एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के. म्हणजे ते तुमच्यावर मेहरबानी करत नसतात. तुमच्यात आणि मालकात लेखी करार होतो आणि तो अप्रेंटिसशिप इंडिया पोर्टलवर नोंदवला जातो. कारखान्यातले सुरक्षा आणि आरोग्याचे नियम तुम्हालाही लागू असतात. काम करताना इजा झाली तर भरपाईची तरतूद आहे. वरिष्ठ अधिकाऱ्याच्या, म्हणजे अप्रेंटिसशिप सल्लागाराच्या मंजुरीशिवाय तुमच्याकडून ओव्हरटाइम करून घेता येत नाही. शेवटी परीक्षा आणि राष्ट्रीय प्रमाणपत्र.

दुसरी बाजूही सांगतो, कारण अर्धवट माहितीवर कुणी निर्णय घेऊ नये. कायद्याच्या नजरेत तुम्ही कामगार नसता, प्रशिक्षणार्थी असता. उमेदवारी संपल्यावर त्याच कारखान्यात नोकरी मिळेलच असं नाही. काही ठिकाणी शिकवण्याच्या नावाखाली वर्षभर माल उचलायला लावतात किंवा प्रेसवर एकच बटण दाबायला बसवतात. म्हणून रोजची डायरी लिहा: आज कोणत्या मशिनवर, काय काम, कोणाच्या हाताखाली. डायरीत तीन महिने तेच ते दिसलं तर आधी सुपरवायझरकडे, नाही ऐकलं तर अप्रेंटिसशिपच्या सरकारी कार्यालयात ती घेऊन जा. डायरी नसेल तर तुमच्याकडे फक्त तक्रार असते, पुरावा नसतो.

आता पैशांचा प्रश्न. घरात सगळ्यात मोठा वाद याच्यावर होतो. २०१९ च्या नियमांनी शिक्षणाप्रमाणे महिना किमान ५ हजार ते ९ हजार रुपये विद्यावेतन ठरवलं होतं. चालू दर पोर्टलवर बघून घ्या. गॅरेजवर किंवा डिलिव्हरीवर आज याहून जास्त सुटतात. अब्बांच्या औषधाचा, बहिणीच्या फीचा खर्च समोर असताना "एक वर्ष कमी कमव" असं सांगणं मला सोपं आहे, तुम्हाला कठीण आहे. तरी घरच्यांसमोर कागद-पेन घेऊन बसा. एका वर्षात किती कमी पडणार ते लिहा. आणि विशीत असताना जे काम मिळतं तेच पंचेचाळिशीत, गुडघे दुखायला लागल्यावरही करायचंय का, तेही विचारा. डायमेकरची किंमत वयाबरोबर वाढते. मशिन बदलली, वायर-कट आली, कॉम्प्युटरवर डिझाइन आलं, तरी डाय का अडकतोय हे ओळखणारा माणूस लागतोच.

एक प्रश्न तुम्ही कदाचित उघड विचारणार नाही, म्हणून मीच काढतो. आपलं नाव ऐकून घेतील का? मायक्रोमीटर नाव विचारत नाही, पण तो हातात देणारा माणूस विचारू शकतो. मी भोसरीत खोली शोधत होतो, तेव्हा सकाळी रिकामी असलेली खोली माझं नाव सांगितल्यावर दुपारी भरलेली असायची. शेवटी बेंचवर माझ्या शेजारी काम करणारा मराठवाड्यातला मुलगा सोबत आला, म्हणाला, "आम्ही दोघं राहणार." तेव्हा खोली मिळाली. आम्ही तीन वर्षं एकत्र राहिलो. भेदभाव नाही असं मी सांगणार नाही. पण ज्याच्याकडे प्रमाणपत्र आहे त्याला नाकारण्यासाठी समोरच्याला कारण शोधावं लागतं. ज्याच्याकडे काहीच नाही, त्याला नाकारायला कारणही लागत नाही.

आपणही आपला संकोच सोडायला हवा. जुम्म्याच्या नमाजसाठी न सांगता गायब होऊ नका. मी पहिल्याच आठवड्यात सुपरवायझरना विचारलं, "साहेब, शुक्रवारी जेवणाची सुट्टी अर्धा तास पुढे घेऊ का? काम संध्याकाळी भरून देतो." ते हो म्हणाले. रोजे असतील तेव्हा भट्टीजवळचं काम असेल तर आधीच सांगा. चक्कर येऊन मशिनवर पडण्यात सवाब नाही. गळ्यातला ताईत, हातातला कडा, अंगठी मशिन सुरू करण्याआधी काढून ठेवा. फिरत्या ड्रिलजवळ हातमोजेही घालायचे नसतात, ते हातासकट ओढले जातात.

मुलींसाठी दोन शब्द. कायद्यात हे दार तुमच्यासाठीही उघडं आहे. टूलरूममध्ये आता ताकदीपेक्षा डोळा आणि डोकं जास्त लागतं: डिझाइन, वायर-कट, तपासणी विभाग. डोक्यावर रुमाल घेत असाल तर त्याची टोकं आत खोचलेली हवीत, एवढंच मशिनला हवं असतं. घरचे "फॅक्टरीत मुलगी?" म्हणतील, तेव्हा त्यांना एकदा कारखान्याच्या गेटपर्यंत घेऊन जा. न पाहिलेल्या जागेची भीती जास्त असते.

शेवटी करायची कामं. दहावी झाली असेल तर आयटीआयच्या टूल अँड डाय मेकर या दोन वर्षांच्या ट्रेडची चौकशी करा. त्यात प्रेस टूल, जिग, फिक्स्चर अशी एक शाखा आहे आणि डाय व मोल्ड अशी दुसरी. औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, केंद्र सरकारची इंडो-जर्मन टूल रूम आहे, तिथले अभ्यासक्रम पाहा. मुस्लिम समाजातल्या अनेक जाती राज्याच्या ओबीसी आणि भटक्या जमातींच्या यादीत आहेत. तुमची असेल तर दाखला आत्ताच काढा, प्रवेशाच्या आठवड्यात धावपळ करून तो मिळत नाही. आणि सगळ्यात आधी शाळेचा दाखला, आधार आणि बँकेचं पासबुक समोरासमोर ठेवा. एकात शेख, दुसऱ्यात शेक, एकात मोहम्मद, दुसऱ्यात नुसतं एम.डी., असं आपल्या घराघरांत असतं. करार आणि विद्यावेतन याच्यावर अडकतं. नाव सगळीकडे एकाच स्पेलिंगने करून घ्या.

माझ्या पिशवीत एक व्हर्निअर, एक मायक्रोमीटर आणि जुना झिजलेला पंच आणलाय. चहाच्या सुट्टीत या, हातात घ्या, माप घेऊन बघा. वाचता आलं नाही तर मी शिकवतो, दहा मिनिटांचं काम आहे.