काळजीने दुखणारे डोके



कामगार चळवळीतल्या माणसाला व्याख्यानाला बोलावले म्हणजे तो बोनस, महागाई आणि कायदे यांवर बोलणार, असे श्रोते गृहीत धरून येतात. व्याख्यानमालेच्या चालकांनी विषय विचारला तेव्हा आम्ही 'डोकेदुखी' असे उत्तर दिले, आणि आम्ही थट्टा करीत आहो असे त्यांना वाटले. आम्ही डॉक्टर नव्हे. शाळा नववीत सुटली. पुढचे शिक्षण सार्वजनिक वाचनालयाने आणि गेटसभांनी केले. परंतु सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांतून तीस वर्षे हिंडताना पगाराच्या खालोखाल जी तक्रार आमच्या कानांवर आली, ती हीच. आणि जिच्याकडे आम्ही स्वतः सर्वांत अधिक दुर्लक्ष केले, तीही हीच. चिता आणि चिंता यांतील बिंदूचे सुभाषित आम्ही आज सांगणार नाही; ते आपण पुष्कळदा ऐकले आहे, आणि त्याने कोणाचे डोके उतरल्याचे आमच्या पाहण्यात नाही.

१९९८ सालची गोष्ट. एका कारखान्यात प्रेसवर काम करणारा एक कंत्राटी तरुण होता. त्या वेळच्या औद्योगिक विवाद कायद्याप्रमाणे वर्षात २४० दिवस भरले की सलग नोकरीचे काही हक्क लागू होत. ते लागू होऊ नयेत म्हणून दर सात महिन्यांनी माणसाला 'ब्रेक' देण्याची रीत पडली होती. नाव कमी व्हायचे, माणूस घरी बसायचा आणि पुन्हा बोलावणे येते की नाही याची वाट पाहायचा. हा तरुण सहावा महिना लागला की डोके धरून बसे. कपाळाभोवती कोणी पट्टा आवळतो आहे असे म्हणे. सुपरवायझर त्याला नाटकी म्हणत असे. आणि सांगावयास लाज वाटते, आम्ही युनियनची माणसेही त्याला म्हणालो, "अरे, चहा घे, एक गोळी घे, आणि लाग कामाला." ब्रेकच्या आदल्या आठवड्यात, दोन रात्री झोप न झालेल्या स्थितीत, त्याचा डावा हात प्रेसखाली गेला. दोन बोटे गेली. अहवालात 'कामगाराचा निष्काळजीपणा' असे लिहिले गेले. त्या शब्दाविरुद्ध आम्ही भांडलो, परंतु सहा महिने तो डोके दुखते म्हणत होता तेव्हा 'केव्हापासून?' एवढे दोन अक्षरांचे नव्हे, एका शब्दाचे विचारणे आम्हांला सुचले नव्हते.

तेव्हा पहिली गोष्ट ही की, काळजीने दुखणारे डोके खरोखरच दुखते. ते सोंग नव्हे. वैद्यकात त्याला ताणाची डोकेदुखी म्हणतात, आणि डोकेदुखीच्या प्रकारांत सर्वांत अधिक आढळणारी हीच. ती बहुधा दोन्ही बाजूंनी येते, ठणकण्यापेक्षा आवळते, अर्ध्या तासापासून सात दिवसांपर्यंत राहू शकते, आणि चालले, जिना चढला म्हणून वाढत नाही. अर्धशिशी वेगळी. ती बहुधा एका बाजूला ठणकते, मळमळते, उजेड आणि आवाज सोसवत नाही. काळजीने अर्धशिशीही उठते. कित्येकांची तर काळजी संपून अंग सैल पडल्यावर, नेमकी सुट्टीच्या दिवशी उठते, आणि मग घरची माणसे म्हणतात, आज तर आराम आहे, आज कसले दुखणे?

यात शरीराचा व्यवहार असा आहे. मेंदूला स्वतःला वेदना कळत नाही. वेदना कळते ती त्याच्या आवरणांना, रक्तवाहिन्यांना, आणि कपाळ, जबडा, मान यांच्या स्नायूंना. भय वाटले की शरीर मारामारीच्या किंवा पळण्याच्या तयारीला लागते. खांदे वर चढतात, दात दातांवर बसतात, मान ताठते. वाघ समोर असेल तर दोन मिनिटांत निकाल लागतो. परंतु घराच्या कर्जाचा हप्ता समोर असेल तर तो महिनाभर समोरच राहतो, आणि खांदेही महिनाभर वरच राहतात. न्यूयॉर्कचे डॉक्टर हॅरल्ड वुल्फ यांनी १९४८ मध्ये डोकेदुखीवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्या काळी सारा दोष या आवळलेल्या स्नायूंवर ठेवला जाई. आज एवढ्याने भागत नाही. दुखणे वारंवार येऊ लागले की वेदना वाहून नेणारी मज्जासंस्थाच हळवी होते, असे आता मानतात. कारखान्याचा भोंगा बिघडून कोणी नुसते दार लोटले तरी वाजू लागावा, तसे ते आहे. मग झोप कमी होते, झोप कमी झाली की दुखणे वाढते, आणि दुखण्याचीच एक नवी काळजी लागते.

येथे एक सावधगिरीची गोष्ट सांगितली पाहिजे. प्रत्येक डोकेदुखी काळजीची नसते. क्षणात शिगेला पोचणारी, आजवर कधी झाली नाही अशी भयंकर कळ. तापाबरोबर मान ताठणे. बोलणे अडखळणे, हातपाय लुळा पडणे, दृष्टी जाणे. डोक्याला मार लागल्यानंतरचे दुखणे. पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेले दुखणे. यांपैकी काही असेल तर आमचे व्याख्यान विसरा आणि तडक डॉक्टर गाठा.

आता गोळीकडे येऊ. आमच्या आजीच्या काळी सुंठ उगाळून लावीत, फडके घट्ट बांधीत. मुंबईत १८९३ साली अमृतांजन निघाले, तेव्हापासून बामाची बाटली घरोघर आहे. त्याबद्दल आमची तक्रार नाही. गोळीही वाईट नव्हे. अधूनमधून, जरुरीपुरती घेतली तर ती उपकारच करते. वाईट आहे ती रोजची गोळी. साधी वेदनाशामक गोळी महिन्यात पंधरा किंवा अधिक दिवस, आणि मिश्र औषधांची गोळी दहा किंवा अधिक दिवस, अशी तीन महिन्यांहून जास्त चालली तर ती गोळीच डोके दुखवू लागते. हे प्रथम वाचले तेव्हा आमचा विश्वास बसला नाही.

स्वीडनमध्ये हुस्कवार्ना नावाचे कारखान्याचे गाव आहे. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत तेथील एका डॉक्टरने फेनॅसेटिन, फेनॅझोन आणि कॅफिन यांची पूड दिली. साथ गेली, पूड राहिली. कामाचा वेग झेपावा, डोके हलके राहावे म्हणून कामगार ती रोज घेऊ लागले. वाढदिवसाला पुड्यांची भेट देण्यापर्यंत मजल गेली. पुढे अनेकांची मूत्रपिंडे निकामी झाली आणि माणसे मेली, तेव्हा कोठे पूड दोषी ठरली. आता फेनॅसेटिन बाजारातून गेले आहे. पण पाळी सुरू होण्यापूर्वी चहाबरोबर गोळी टाकण्याची सवय गेलेली नाही. ती आम्हांलाही होती.

२००९ मध्ये एका कारखान्यात चार महिने टाळेबंदी चालली. दीडशे घरांच्या चुली बंद, बोलणी फिसकटलेली, आणि रात्री फोन वाजला की छातीत धस्स होई. सकाळी उपाशीपोटी चहा आणि गोळी, दुपारी पुन्हा एक. टाळेबंदी उठली तरी डोके उठेना. शेवटी सरकारी रुग्णालयात गेलो. तेथील डॉक्टरीणबाईंनी "डोके किती दिवस दुखते?" असे न विचारता "गोळी किती दिवस घेता?" असे विचारले, आणि घरच्या कालनिर्णयावर दुखल्या दिवशी फुली व गोळी घेतल्या दिवशी गोल करावयास सांगितले. दुधाच्या हिशेबाशेजारी आमच्या फुल्या पडू लागल्या. महिन्याअखेर पाहिले तर पंचवीस गोल! फुल्या गोलांपेक्षा कमी होत्या. म्हणजे दुखेल या भीतीनेच कित्येक गोळ्या पोटात गेल्या होत्या. गोळी त्यांच्या सल्ल्याने सोडली. पहिला आठवडा हालांचा गेला, आणि तो जाणार हे त्यांनी आधी सांगितले होते म्हणूनच तग धरला. तिसऱ्या आठवड्यात कपाळ मोकळे झाले. आपणांपैकी कोणाची अशी सवय असेल तर ती एकट्याने, एका झटक्यात तोडू नये. काही औषधे तशी तोडणे धोक्याचे असते. काहींना डॉक्टर एरवी उदासीनतेवर दिले जाणारे औषध लहान मात्रेत देतात. ते पाहून 'मला वेडा समजले की काय' असे मनात आणू नये.

गोळी गेल्यावर जागा रिकामी राहते. तेथे काय ठेवावे? शिकागोचे एडमंड जेकबसन यांनी १९२९ च्या आपल्या पुस्तकात स्नायू सैल करण्याची जी रीत मांडली, ती आम्ही गेटवर उभ्याउभ्या शिकवतो. मूठ आवळा, पाच-सात सेकंद धरा, सोडा, आणि सोडल्यावर काय वाटते तिकडे लक्ष द्या. मग खांदे कानांपर्यंत उचलून सोडा. मग कपाळ, मग जबडा. आवळलेले असताना आपण आवळलेले आहो हेच माणसाला कळत नसते. त्याची ओळख पटणे हा निम्मा उपाय. ओठ मिटलेले असतानाही वरचे-खालचे दात एकमेकांना टेकता कामा नयेत, ही साधी गोष्ट आम्हांला वयाच्या चाळिशीत कळली. आपले शवासन याचेच नातलग आहे, आणि लोणावळ्याच्या कैवल्यधामात १९२४ पासून अशा क्रियांचा शास्त्रीय अभ्यास चालत आला आहे. परंतु हे दुखत नसताना रोज करावे लागते. दुखल्यावर पाच मिनिटे करून 'काही उपयोग नाही' म्हणणारे आमच्याकडे पुष्कळ येतात. वेळेवर जेवण, अर्धा तास चालणे, ठरलेल्या वेळी झोप, हे आपण जाणताच.

दुसरा उपाय वहीचा. संध्याकाळी एक ठरावीक वेळ काळजीला द्यावी. पंधरा मिनिटे बसून तिला कागदावर उतरवावे, आणि जे आपल्या हातचे आहे त्यापुढे उद्या काय करावयाचे ते लिहावे. रात्री ती पुन्हा आली तर 'उद्या साडेसहाला ये' म्हणावे. हसू नका, मालकांना आम्ही हेच सांगतो, आणि तेही ऐकतात.

परंतु वहीत दुसरीही यादी होते. जे एकट्याच्या हातचे नाही, ते. तेथे श्वास सावकाश घ्या म्हणून सांगणाऱ्यांचा आम्हांला राग येतो. एका कारखान्यात आठवड्याच्या पाळ्यांचा तक्ता रविवारी संध्याकाळी लागत असे. मुलाला शाळेत कोण सोडणार, आईला दवाखान्यात कोण नेणार, काही ठरवता येत नसे. रविवारी दुपारपासूनच त्या खात्यातल्या माणसांची डोकी धरत. आम्ही मागणीपत्रात कलम घातले की तक्ता पंधरा दिवस आधी लागावा. व्यवस्थापनाला पैचा खर्च नव्हता, तरी दोन बैठका लागल्या. कलम मान्य झाल्यावर तिघांनी आम्हांला येऊन सांगितले की रविवारची गोळी सुटली. मागणीपत्राच्या अंगी हा गुण असेल असे आम्हांला वाटले नव्हते.

आणि ज्याला घरी बोलता येत नाही, युनियनमध्ये बोलता येत नाही, त्याने काय करावे? ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची 'टेलि-मानस' ही दूरध्वनी सेवा चालते. क्रमांक १४४१६. पैसे पडत नाहीत, मराठीतून बोलता येते. आमच्या कचेरीतल्या फळ्यावर तो क्रमांक खडूने लिहून ठेवला आहे. त्याच्याखाली कोणीतरी, आम्ही अक्षर ओळखले पण विचारले नाही, बारीक लिहिले आहे : 'रात्री दोनलाही उचलतात.'