नगरपालिकेच्या खिडकीवरची शांतता

कविता लिहिणाऱ्या माणसांना स्त्रुगा हे नाव बहुधा ठाऊक असतं. युरोपच्या बाल्कन भागात, ओहरिद नावाच्या मोठ्या तळ्याच्या काठी वसलेलं हे लहानसं गाव. आज ज्या देशाला उत्तर मॅसिडोनिया म्हणतात, त्या देशात ते येतं. तिथं १९६० च्या दशकापासून दरवर्षी कवितेचा महोत्सव भरतो. द्रिम नदीवरच्या पुलावर जगभरचे कवी आपापल्या भाषेत कविता वाचतात. या महोत्सवाचा सर्वोच्च सन्मान १९७२ साली पाब्लो नेरुदांना मिळाला आणि १९८३ साली आपल्या अज्ञेयांना.

याच स्त्रुग्यात २००४ च्या जुलै महिन्यात हिंसक निदर्शनं झाली. भांडण कवितेवरून नव्हतं, नगरपालिकेच्या हद्दीवरून होतं. आजूबाजूची खेडी नगरपालिकेत घ्यायची की नाही, एवढाच प्रश्न. आपल्याकडे हद्दवाढीवरून मोर्चे निघतात, वर्तमानपत्रात चार दिवस बातम्या येतात. तिथं मात्र सारा देश श्वास रोखून बसला होता. तसं का, हे सांगण्यासाठी थोडं मागं जावं लागेल.

१९९१ साली युगोस्लाव्हिया फुटला आणि मॅसिडोनिया स्वतंत्र झाला. लोकसंख्या जेमतेम वीस लाख. बहुसंख्य लोक मॅसिडोनियन, ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती, त्यांची लिपी सिरिलिक. सुमारे एक चतुर्थांश लोक अल्बानियन, त्यांतले बहुतेक मुसलमान, भाषा अगदी वेगळी आणि लिपी रोमन. शिवाय तुर्क, रोमा, सर्ब असे लहान लहान समाज. राजधानी स्कोपये. आपल्या मदर तेरेसा १९१० साली याच शहरात, एका अल्बानियन कुटुंबात जन्मल्या.

अल्बानियनांची तक्रार होती की, देश आपलाही आहे, पण सरकारी खिडकीपलीकडे आपलं माणूस नाही आणि आपली भाषाही नाही. तेतोवो शहरात त्यांनी आपल्या भाषेतलं विद्यापीठ काढलं. सरकारनं ते बेकायदा ठरवलं. १९९७ साली गोस्तिवारच्या नगराध्यक्षांनी नगरपालिकेवर अल्बानियन झेंडा लावला. पोलीस तो उतरवायला गेले, त्यात माणसं मेली, नगराध्यक्ष तुरुंगात गेले. २००१ च्या सुरुवातीला डोंगराळ भागात बंदुका निघाल्या. सहा-सात महिने लढाई चालली. लाखाहून अधिक लोकांना घरं सोडावी लागली.

शेजारच्या बोस्नियात काय झालं, हे सगळ्यांनी पाहिलं होतं. तसं पुन्हा होऊ नये म्हणून युरोपीय संघातर्फे फ्रान्स्वा लेओतार आणि अमेरिकेतर्फे जेम्स पार्ड्यू मध्यस्थीला बसले. ओहरिदच्या तळ्याकाठी वाटाघाटी झाल्या आणि १३ ऑगस्ट २००१ रोजी करारावर सह्या झाल्या.

मला या करारात रस वाटतो तो त्यातल्या बारीकसारीक गोष्टींमुळे. देशाचे तुकडे करायचे नाहीत, हे त्यात आरंभीच सांगितलेलं आहे. मग येतात ती कलमं भाषेची, पोलीसभरतीची, नगरपालिकांची. ज्या नगरपालिकेच्या क्षेत्रात निदान वीस टक्के लोक एखादी भाषा बोलतात, तिथं ती भाषाही मॅसिडोनियनबरोबर अधिकृत. वीस टक्क्यांच्या आतल्या भाषेबाबत नगरपालिकेनं स्वतः ठरवावं. आणि संस्कृती, भाषेचा वापर, बोधचिन्ह, झेंडा असे ठराव नुसत्या बहुमतानं होणार नाहीत. सभागृहातलं बहुमत हवंच, पण अल्पसंख्य समाजांच्या नगरसेवकांचंही वेगळं बहुमत हवं. या दुहेरी बहुमताला तिथले लोक 'बादांतेर नियम' म्हणतात. रॉबेर बादांतेर हे फ्रान्सचे मोठे कायदेपंडित. त्यांनी मंत्री असताना १९८१ साली आपल्या देशातली फाशी रद्द करवली होती.

सह्या करणारे नेते सह्या करून गेले. त्यानंतर खरं काम ज्यांच्या अंगावर पडलं, त्यांची नावं इतिहासात येत नाहीत. कायद्याचा मसुदा करणारे वकील, दोन्ही भाषा येणारे दुभाषे, जन्माच्या दाखल्याचा नवा नमुना छापून घेणारे कारकून, नगरपालिकांच्या सभांना बसून टिपणं काढणारे निरीक्षक. युरोपातल्या सुरक्षा आणि सहकार्य संघटनेनं १९९२ साली राष्ट्रीय अल्पसंख्याकांसाठी एक उच्चायुक्तपद निर्माण केलं होतं. त्यावरचे पहिले अधिकारी डच मुत्सद्दी मॅक्स व्हान डर स्टूल. गाजावाजा न करता दोन्ही बाजूंकडे पुन्हा पुन्हा जायचं, ही त्यांची रीत. तेतोवोच्या विद्यापीठाचा तिढा सुटत नव्हता, तेव्हा अल्बानियन, मॅसिडोनियन आणि इंग्रजी अशा तीन भाषांत शिकवणारं नवं विद्यापीठ त्याच गावात २००१ साली उभं राहिलं, त्यामागं त्यांची खटपट होती. जुन्या विद्यापीठालाही २००४ साली मान्यता मिळाली.

असलं काम वरून कंटाळवाणं दिसतं. पण दाखल्यावरच्या नावाचं मोल ज्याला भोगावं लागतं, त्याला विचारा. माझ्या वडिलांचं नाव तीन कागदांवर तीन तऱ्हांनी लिहिलं गेलं होतं. साहेब म्हणाले, 'तुमच्या लोकांची नावंच अवघड.' वडील काही बोलले नाहीत, पण त्या कचेरीची पायरी ते पुन्हा आपण होऊन चढले नाहीत. आपलं नाव नीट लिहिलं गेलं की माणसाला वाटतं, या दप्तरात आपली नोंद आहे. नाव चुकलं की तो परका होतो आणि ते परकेपण मुलांपर्यंत पोचतं.

आता पुन्हा स्त्रुग्याकडे येऊ. करारानुसार नगरपालिकांना अधिक अधिकार द्यायचे, म्हणून हद्दी नव्यानं आखल्या गेल्या. भोवतालची अल्बानियन खेडी स्त्रुगा नगरपालिकेत आली आणि गावातले मॅसिडोनियन, जे देशात बहुसंख्य, ते आपल्याच नगरपालिकेत अल्पसंख्य ठरले. काल जी भीती अल्बानियनांना होती, ती आज त्यांना वाटू लागली. या नव्या हद्दींविरुद्ध ७ नोव्हेंबर २००४ रोजी सार्वमत झालं. पण निम्म्याहून अधिक मतदान व्हायला हवं होतं, ते जेमतेम सव्वीस टक्के झालं आणि सार्वमत फसलं. १ जुलै २००५ पासून नव्या नगरपालिकांचा कारभार सुरू झाला. दुहेरी बहुमताचा जो नियम अल्बानियनांसाठी आणला होता, तो आता स्त्रुग्यातल्या मॅसिडोनियनांच्याही कामाला येऊ शकत होता. अल्पसंख्याकांचा हक्क हा कुणा एका जमातीवर केलेला उपकार नसतो, हे यावरून कळतं. कोणत्या खिडकीशी उभं राहिल्यावर आपण थोडे ठरू, हे कुणालाच आधी सांगता येत नाही. बेळगावच्या मराठी माणसाला हे वेगळं सांगायला नको.

श्रोतेहो, तिथं सगळं गोड झालं असं मी म्हणणार नाही. सरकारी नोकरीत प्रत्येक समाजाचं योग्य प्रमाण हवं, असं ठरलं. मग आकडे भरण्यासाठी भरती झाली. नेमणुका झाल्या, पण बसायला जागा नाही आणि करायला काम नाही, असे कितीतरी कर्मचारी वर्षानुवर्षं घरी बसून पगार घेत राहिले. यादीत प्रमाण बरोबर दिसलं, खिडकीवर माणूस दिसला नाही. नगरपालिकांत सर्व समाजांच्या समान प्रतिनिधींच्या आंतरसमाज समित्या नेमायच्या होत्या, त्या अनेक ठिकाणी कागदावरच राहिल्या. शाळांत दोन्हीकडची मुलं एकाच इमारतीत पण वेगवेगळ्या पाळ्यांत येतात. एका बाकावर दोघं बसतात, पण एकमेकांना कधी पाहत नाहीत.

आणि ते वीस टक्के! अठरा टक्के असणाऱ्यांनी काय करायचं? रोमा लोक सगळीकडे विखुरलेले. स्कोपयेजवळच्या शूतो ओरिझारीत तेवढे ते बहुसंख्य आहेत, म्हणून तिथं त्यांच्या भाषेला नगरपालिकेत जागा आहे. हक्क टक्केवारीला बांधला की शिरगणतीचीच लढाई होते. २०११ साली तिथली जनगणना अर्ध्यावर सोडून द्यावी लागली, ती पूर्ण झाली २०२१ साली. क्रोएशियातल्या व्हुकोवार शहराचं उदाहरण तर बोलकं आहे. तिथं कायद्यात एक तृतीयांशाची अट होती. २०११ च्या गणनेत सर्ब ३४ टक्क्यांहून थोडे अधिक निघाले, म्हणून २०१३ साली सरकारी इमारतींवर दोन लिप्यांतल्या पाट्या लागल्या. युद्धाच्या जखमा ओल्या होत्या. लोकांनी हातोडीनं त्या फोडल्या. २०२१ च्या गणनेत सर्ब ३० टक्क्यांच्या खाली आले आणि कायद्यानं मिळालेला तो हक्कच उरला नाही. माणसं तिथंच राहतात, भाषाही तीच बोलतात, पण आकडा सरकला.

म्हणून आकड्यापलीकडे शेजार लागतो. मॅसिडोनियात १९९९ साली मुलांसाठी एक दूरदर्शन मालिका सुरू झाली होती, 'नाशे मालो' नावाची. एका इमारतीत राहणाऱ्या निरनिराळ्या समाजांच्या मुलांची गोष्ट. 'नाशे मालो' म्हणजे आपला मोहल्ला. हा 'मालो' शब्द आपल्या मोहल्ल्याचाच सख्खा भाऊ. अरबीतून तुर्कीत आणि तुर्कीतून बाल्कनात गेलेला. तिथं दुकानाला 'दुक्यान' म्हणतात आणि बाजाराला 'पझार'. शब्दांना हद्दवाढीची परवानगी लागत नाही.

मोहल्ला म्हटलं की आपल्याला भिवंडी आठवते. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी पोळलेलं ते गाव. १९८८ साली तिथं पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. पुढाऱ्यांऐवजी यंत्रमाग कामगार, दुकानदार, शिक्षक अशी साधी माणसं त्यांत घेतली. भांडण नसतानाही त्यांना एकत्र बसवलं. १९९२-९३ मध्ये मुंबई जळत होती तेव्हा भिवंडी शांत राहिली. ओहरिदच्या करारानं समित्या कायद्यात लिहिल्या, भिवंडीनं त्या ओट्यावर बसवल्या. दोन्ही गोष्टी हव्यात. कायदा नसेल तर चांगला अधिकारी बदलून जाताच सगळं विसरलं जातं. ओटा नसेल तर कायदा कपाटात पडून राहतो.

आपल्या देशातही भाषिक अल्पसंख्याकांचा विचार १९५६ साली, राज्य पुनर्रचनेच्या वेळी झालेला आहे. एखाद्या भागात १५ ते २० टक्के लोक दुसरी भाषा बोलत असतील, तर महत्त्वाच्या सूचना त्यांच्याही भाषेत काढाव्यात, असं तेव्हाच ठरलं. आणि त्याच १९५६ पासून अकोला जिल्ह्यातली पातूरची नगरपरिषद उर्दू वापरत आली आहे. तिच्या फलकावर वर मराठी, खाली उर्दू. उर्दू काढा, म्हणून कुणी न्यायालयात गेलं. १५ एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं ती मागणी फेटाळली. भाषा म्हणजे धर्म नव्हे, आणि नगरपरिषद लोकांच्या रोजच्या गरजा भागवण्यासाठी असते, असा त्या निकालाचा आशय आहे.

मी मराठीत कविता लिहितो. मला त्या फलकात वरची ओळ आणि खालची ओळ यांचं भांडण दिसत नाही. पाणीपट्टीची तारीख दोन्ही ओळींत एकच असते. ती वाचून कुणी म्हातारी वेळेवर पैसे भरते, पावती घेते, त्यावर आपलं नाव नीट आहे ना ते पाहते आणि घरी जाते. पलीकडे बसलेल्या कारकुनानं तिच्यासाठी एवढं केलं की पुरे आहे.